‘द वॉल’ ऐकायचा तर ओळीनं

होस्टेलमध्ये असताना एका मित्रानं पिंक फ्लॉइड या ब्रिटिश रॉक बँडच्या ‘द वॉल’ची एमपीथ्री सीडी दिली होती. तिच्यात गाणी इंग्रजी मुळाक्षरांप्रमाणे लागलेली. ‘अनदर ब्रिक इन द वॉल’चे तिन्ही भाग एकापाठोपाठ वाजले, तेव्हा मला वाटलं सीडी अडकली. शेवटी ‘यंग लस्ट’. म्हणजे माझा अल्बम एका टेलिफोन ऑपरेटरच्या बोलण्यावर संपायचा! पिंक फ्लॉइडचा १९७९चा हा अल्बम वर्षभर मी असाच ऐकला आणि ‘कळत नाही, पण भारी आहे’ म्हणत हिंडलो.

तेव्हा आधी शफल बंद करा. मधेच जाहिराती येणारं फुकटातलं अ‍ॅपही नको, कारण इथं एक गाणं संपायच्या आत दुसरं सुरू होतं. एकूण २६ गाणी, साधारण ८१ मिनिटं. तेवढी सवड नसेल तर ‘गुडबाय क्रुएल वर्ल्ड’ला थांबा. मूळच्या दोन एलपी तबकड्यांपैकी पहिली तिथंच संपते, भिंतही तिथंच पुरी होते. चहा टाका.

भिंत कुणाची? पिंक नावाच्या रॉक गायकाची. १९७७ मध्ये माँट्रिअलच्या कार्यक्रमात बँडचा गीतकार आणि बास गिटारवादक रॉजर वॉटर्स एका प्रेक्षकावर थुंकला, आणि आपल्यात नि लोकांत भिंतच हवी, हे त्याच्या डोक्यात तिथून आलं. पिंकचा बाप युद्धात गेलेला. वॉटर्सचे वडीलही १९४४ मध्ये इटलीत अँझिओला मारले गेले. एवढं माहीत असलं की पुरे. पहिल्या खेपेला शब्द वाचत बसू नका.

त्याऐवजी एक चाल धरून ठेवा, ‘ब्रिक’ची. पहिल्या भागात ती दबकत येते, बाप गेल्याचं सांगत. दुसऱ्यात शाळेची पोरं कोरसमध्ये ओरडतात; कॉलेजच्या गॅदरिंगला वाजतो तो हाच. तिसरा दीड मिनिटाचाही नाही, नुसता संताप. मग ‘हे यू’मध्ये गिटारच्या सोलोत तीच चाल पुन्हा डोकं वर काढते. मला ती तिथं सापडायला पाच-सहा खेपा लागल्या.

आणि ‘यंग लस्ट’च्या शेवटची ती ऑपरेटर. गाणं संपलं समजून पुढं ढकलू नका. पिंक परदेशातून घरी फोन लावतो, तिकडून पुरुषाचा आवाज येतो, फोन ठेवला जातो. बायको हातची गेल्याचं कळतं ते इथं, एकही ओळ न गाता. लगेच ‘वन ऑफ माय टर्न्स’, आणि त्यात हॉटेलच्या खोलीची मोडतोड. माझ्या सीडीवर ती मोडतोड फोनच्या कितीतरी आधी होऊन गेलेली असायची.

जुनी एलपी हाती लागली तर एक सांगून ठेवतो: कव्हरवर ‘व्हॉट शॅल वी डू नाऊ?’चे शब्द आहेत, पण गाणं तबकडीवर नाही. ऐनवेळी काढलं, तोवर कव्हर छापून झालं होतं. दुकानदाराशी भांडू नका.

शेवटच्या गाण्यानंतर लगेच हेडफोन काढू नका. एक माणूस हळूच ‘इझन्ट धिस व्हेअर’ म्हणतो आणि तुटतो. आता पहिलं गाणं परत लावा, आवाज बराच मोठा करून, पण सुरुवातीचे काही क्षणच. तुटलेल्या वाक्याचा उरलेला तुकडा तिथं आहे. त्यापुढं बँड एकदम अंगावर येतो.