छोट्या पंख्यांसाठी योग्य अडॅप्टर कसा निवडावा

टीव्हीखालच्या बंद कपाटात सेट-टॉप बॉक्स आणि राउटर शेजारी शेजारी ठेवले की उन्हाळ्यात दोन्ही बरेच तापतात. अशा वेळी संगणकात असतात तसे 80 किंवा 120 मिलिमीटरचे एक-दोन पंखे कपाटाच्या मागच्या फळीत बसवणे हा सोपा आणि स्वस्त उपाय आहे. पंखे सहज मिळतात; पण त्यांना वीज देण्यासाठी घरात पडून असलेला कोणताही अडॅप्टर जोडला जातो आणि पंखा महिनाभरात बंद पडतो, किंवा अडॅप्टर तापून मरतो. हे टाळायचे असेल तर अडॅप्टरच्या आधी पंखा नीट वाचायला हवा.

पंख्याच्या मधल्या गोल भागावर एक स्टिकर असते. त्यावर ‘डीसी 12 व्होल्ट, 0.18 अँपिअर’ अशा स्वरूपाची नोंद सापडते. आडव्या रेघेखाली तुटक रेघ असे चिन्ह असेल तर पंखा डीसीवर (एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेवर) चालतो आणि नागमोडी रेघ असेल तर एसीवर (घरातल्या, सतत दिशा बदलणाऱ्या विजेवर). ही खात्री प्रथम करावी, कारण 120 मिलिमीटरच्याच मापाचे, दिसायला बरेचसे सारखे असे 230 व्होल्टचे एसी पंखेही बाजारात मिळतात. त्यांना अडॅप्टर लागत नाही. याउलट 12 व्होल्टचा पंखा चुकूनही थेट घरातल्या विजेवर लावला, तर तो तत्काळ जळतो. डीसी पंखे 5, 12, 24 आणि 48 व्होल्टचे असतात. संगणकातले बहुतेक 12 व्होल्टचे.

व्होल्ट आणि अँपिअर यांचे नियम वेगवेगळे आहेत आणि नेमका येथेच सर्वाधिक गोंधळ होतो. व्होल्ट जुळलेच पाहिजेत. अँपिअर मात्र पंख्याच्या गरजेइतके किंवा त्याहून जास्त असले तरी चालतात. ‘2 अँपिअरचा अडॅप्टर लावला तर पंखा जळेल’ ही भीती निराधार आहे, कारण अडॅप्टरवर लिहिलेला आकडा त्याची कमाल क्षमता सांगतो आणि पंखा त्यातून स्वतःला हवा तेवढाच प्रवाह घेतो. उलट कमी क्षमतेचा अडॅप्टर सतत ओढाताणीत राहतो, तापतो आणि लवकर निकामी होतो.

हिशेब सोपा आहे. 0.18 अँपिअरचे दोन पंखे समांतर जोडले, म्हणजे दोघांच्या लाल तारा एकत्र आणि काळ्या तारा एकत्र केल्या, तर एकूण 0.36 अँपिअर लागतात. परंतु पंखा सुरू होण्याच्या क्षणी नेहमीपेक्षा बराच अधिक प्रवाह ओढतो, आणि पाते धुळीने किंवा तारेने अडकले तरीही प्रवाह वाढू शकतो. म्हणून बेरजेच्या किमान दीडपट, शक्यतो दुप्पट क्षमता धरावी. येथे 12 व्होल्ट, 1 अँपिअरचा अडॅप्टर घेतला की पुढे तिसरा पंखा वाढवायलाही वाव राहतो. हेच दोन पंखे एकामागून एक, म्हणजे मालिकेत जोडून 24 व्होल्टवर चालवू नयेत. व्होल्टची वाटणी समान होईलच असे नाही, आणि ज्याच्या वाट्याला जास्त व्होल्ट येतात तो पंखा बळी पडतो.

जुने, हातात घेतल्यावर जड लागणारे ट्रान्सफॉर्मरचे अडॅप्टर या कामासाठी टाळावेत, असे माझे ठाम मत आहे. त्यांपैकी बहुतेकांत व्होल्ट स्थिर राखणारे सर्किट नसते. वर 12 व्होल्ट छापलेले असले तरी भार, म्हणजे जोडलेले उपकरण ओढते तो प्रवाह, थोडा असताना मल्टिमीटर (व्होल्ट मोजायचे उपकरण) 16-17 व्होल्ट दाखवू शकतो, आणि छोटा पंखा हा थोडाच भार असतो. हलका, आधुनिक एसएमपीएस (वेगाने चालू-बंद होणाऱ्या सर्किटचा) अडॅप्टर भार बदलला तरी 12 व्होल्टच्या आसपास राहतो. ‘100-240 व्होल्ट, 50/60 हर्ट्झ’ अशी इनपुटची नोंद असेल, तर तो अडॅप्टर एसएमपीएस आहे असे समजावे. बंद पडलेल्या राउटरचा 12 व्होल्टचा अडॅप्टर सहसा याच जातीचा असतो आणि उत्तम चालतो. एलईडी दिव्याचा ड्रायव्हर (त्याला वीज पुरवणारा भाग) मात्र वापरू नये. त्यांतले बरेच प्रवाह स्थिर ठेवतात, व्होल्ट नव्हे.

पंख्याची लाल तार बहुधा धन, काळी ऋण. अशा पंख्याला तिसरी पिवळी तार असल्यास ती बहुधा वेग कळवण्यासाठी आणि चौथी निळी वेग नियंत्रणासाठी असते. या दोन्ही मोकळ्या सोडून टोकांवर टेप गुंडाळावी. मग पंखा पूर्ण वेगाने फिरतो. अडॅप्टरच्या गोल पिनेच्या आत धन आहे की ऋण, हे त्याच्यावरील चिन्हात दाखवलेले असते. तरीही जोडण्यापूर्वी मीटर लावून पाहावे. पिनेचे बाहेरचे माप बहुधा 5.5 मिलिमीटर असते, आतले 2.1 किंवा 2.5, आणि या फरकामुळे जोडणी सैल बसू शकते. स्क्रूने तार आवळता येणारा सॉकेट घेतला तर पिन कापावी लागत नाही. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर, पुण्यात तपकीर गल्लीत हे सामान मिळते.

रात्री आवाजाचा त्रास होत असेल, तर व्होल्ट जुळवण्याच्या नियमाला अपवाद म्हणून 12 व्होल्टच्या पंख्याला 9 व्होल्टचा अडॅप्टर द्यावा. वारा कमी होतो, आवाजही बराच उतरतो, आणि कपाटासारख्या जागेला एवढा वारा सहसा पुरतो. मात्र तो अडॅप्टर बंद करून पुन्हा लावल्यावर पंखा आपोआप सुरू होतो ना, हे आधी तपासावे. टीव्हीच्या यूएसबीवर चालवायचे असेल तर मुळातच 5 व्होल्टचा पंखा घ्यावा. 12 व्होल्टचा पंखा 5 व्होल्टवर अनेकदा फिरतच नाही.

खरेदी करताना अडॅप्टरवर भारतीय मानक ब्युरोचे चिन्ह आणि ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक पाहावा. अडॅप्टर तापलेल्या कपाटात न ठेवता बाहेर, हवेशीर जागी लावावा. पंखे तासभर चालू ठेवून मग मीटरने व्होल्ट मोजावेत आणि अडॅप्टरला हात लावून पाहावा. तो कोमट लागला तर ठीक. हात ठेवता येणार नाही इतका गरम असेल, किंवा व्होल्ट 12 वरून 11 च्या खाली गेले असतील, तर अधिक क्षमतेचा अडॅप्टर आणावा.