डॉक्स (.docx) फाइल जुन्या एमएस ऑफिसमध्ये उघडत नाहीये? आधी हे करून बघा

अंबडला एका छोट्या वर्कशॉपचे अकाउंट्स बघतो मी, तिथे अजून मायक्रोसॉफ्ट ऑफिस २००३ आहे कारण बिलांचं सगळं जुनं काम त्याच्यावरच बसलंय. पार्टीकडून मेलवर डॉक्स नाहीतर एक्सएलएसएक्स (.xlsx, एक्सेलची) फाइल आली की ती काही उघडत नाही आणि सगळे मला हाक मारतात. मागच्या आठवड्यात पिंपळगावहून मामांचा पण फोन, द्राक्षाच्या मालाची यादी आलीये आणि नुसती चित्रविचित्र अक्षरं दिसतायत. म्हणून सगळं एकदाच लिहून टाकतो.

कारण साधं आहे. ऑफिस २००७ पासून मायक्रोसॉफ्टने फाइलची पद्धतच बदलली. जुनी डॉक, नवी डॉक्स, एक्सेलचं एक्सएलएस जाऊन एक्सएलएसएक्स. नवी फाइल म्हणजे खरं तर एक झिप असते, म्हणजे अनेक फाइलींचं एकत्र बांधलेलं गाठोडं, आत मजकूर वेगळा, फोटो वेगळे. त्यामुळे नाव बदलून डॉक्सचं नुसतं डॉक केलं तर काही होत नाही, मामांनी नेमकं तेच केलं होतं. सुरुवातीलाच PK अशी दोन अक्षरं दिसली ना, म्हणजे पीके, की समजायचं ही झिपच आहे, फाइल बहुतेक खराब झालेली नाही, घाबरू नका.

सगळ्यात सोपं म्हणजे पाठवणाऱ्याला फोन करा आणि सांगा, सेव्ह अ‍ॅज मध्ये जाऊन 'वर्ड ९७-२००३' निवडून परत पाठव. नुसतं वाचायचं असेल तर पीडीएफ मागा, विषय संपला.

तो फोन उचलत नसेल तर लिब्रेऑफिस टाका, एमएस ऑफिससारखंच दुसरं सॉफ्टवेअर आहे. फुकट आहे, नवी फाइल उघडतं आणि जुन्या फॉरमॅटमध्ये सेव्ह पण करून देतं. विंडोज एक्सपी असेल तर लेटेस्ट चालणार नाही, ५.४ घ्यायचं, एक्सपीसाठी तेच शेवटचं. जुन्या ऑफिसमध्ये नव्या फाइली उघडायला मायक्रोसॉफ्टचा कम्पॅटिबिलिटी पॅक होता पूर्वी, पण तो कंपनीने २०१८ मध्ये बंद केला, आता कुठल्यातरी अनोळखी साइटवरून तो उतरवू नका प्लीज.

इन्स्टॉल करायचंच नसेल तर गुगल ड्राइव्हवर फाइल चढवा, वर्डची असेल तर गुगल डॉक्समध्ये उघडा आणि डाउनलोड करताना आरटीएफ (वर्डला चालणारा जुना फॉरमॅट) घ्या, ते वर्ड २००३ मध्ये मस्त उघडतं. पण आधार, बँकेचे कागद, पगाराची शीट असल्या फाइली फुकट कन्व्हर्टर साइटवर अजिबात टाकू नका, हे मी ऑफिसात रोज सांगतो.

एक्सेलवाल्यांनी एक गोष्ट नक्की बघा. जुन्या एक्सएलएसमध्ये ६५,५३६ ओळी आणि २५६ कॉलमच मावतात, नव्यात १०,४८,५७६ ओळी. मोठी शीट जुन्या फॉरमॅटमध्ये सेव्ह केली तर खालचा डेटा कापला जातो, म्हणून मूळ फाइल कधीही डिलीट करू नका, कॉपीवरच काम करा आणि शेवटची ओळ दोन्हीकडे जुळते का ते बघा.

आणि फाइल उघडली पण मराठी मजकूर कचरा दिसतोय तर तो फॉरमॅटचा प्रश्न नाही, फॉन्टचा आहे. श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेलं असेल तर तोच फॉन्ट तुमच्या मशीनवर लागतो, नाहीतर पाठवणाऱ्याकडून युनिकोडमध्ये (त्यात खास तोच फॉन्ट लागत नाही) करून घ्या. मामांच्या यादीत शेवटी हेच निघालं, पीडीएफ मागवली आणि पाच मिनिटांत काम झालं.