काळं मॉस दिसलं की लगेच ‘अँड्रिया’ म्हणता? या चुका टाळा

डोंगरमाथ्यावरच्या उघड्या ग्रॅनाइटवर नखाएवढे काळपट झुबके दिसतात. दुरून वाटावं, दगडाला काजळी लागलीय. बहुतेक वेळा ते अँड्रिया रुपेस्ट्रिस असतं, म्हणजे अँड्रिया या मॉसच्या गटातली एक जात. पण या ‘बहुतेक’वर विसंबून वहीत नाव टाकलं की गडबड होते, कारण हे मॉस रूप फार बदलतं. मॉसचे अभ्यासक हेडविग यांच्या १८०१ सालच्या ग्रंथात त्याला नाव मिळालं. पुढे त्याच्याच निरनिराळ्या रूपांना वेगळी नावं देण्यात अभ्यासकांची बरीच शाई खर्ची पडली.

रंगावर जाऊ नका

उन्हात ते तांबूस-काळं असतं, सावलीच्या कपारीत हिरवट-तपकिरी. उंची काही मिलिमीटरपासून दोन-तीन सेंटीमीटरपर्यंत. पानं कुठे सरळ, तर कुठे विळ्यासारखी एका बाजूला वळलेली. कोरडा आणि ओला झुबका तर एकमेकांना ओळख दाखवत नाहीत. एकाच दगडावरचे दोन नमुने दोन जाती म्हणून वेगवेगळ्या पाकिटांत गेलेले मी पाहिलेत, आणि ती पाकिटं माझीच होती. आधी पाणी शिंपडा, मिनिटभर थांबा, मग भिंग लावा.

मध्यशीर ‘असेल’ किंवा ‘नसेल’ असं धरून चालू नका

सगळा निकाल इथे लागतो. रुपेस्ट्रिसच्या पानाला मध्यशीर नसते. याच गटातल्या अँड्रिया रोथीला असते, आणि ती टोकाकडे इतकी रुंद होते की पानाचं निमुळतं टोक जणू नुसत्या शिरेचंच बनलेलं दिसतं. अडचण अशी की पान गडद आणि खोलगट असतं, त्यामुळे मधल्या घडीची सावली शिरेसारखी भासते. शिवाय रुपेस्ट्रिसच्या पानाच्या बुडाशी मधल्या पेशी लांबट असतात, त्याही फसवतात.

उपाय सोपा आहे. फांदीच्या मधलं पान चिमट्यानं बुडापासून सोलून काढा, काचपट्टीवर पाण्याच्या थेंबात सपाट करा आणि खालून उजेड द्या. फोकस हळूहळू वरखाली केला की घडीची सावली जागा बदलते, शीर बदलत नाही. तरीही शंका राहिली तर ब्लेडनं आडवा काप घ्या: शीर असेल तिथे पेशींचे एकाहून जास्त थर दिसतील. पानाच्या पाठीवरचे बारीक फुगवटे मात्र खिशातल्या भिंगातून दिसत नाहीत, त्यासाठी सूक्ष्मदर्शकच हवा.

बीजाणूंची कुपी न शोधता निघू नका

ग्रिमिया आणि शिस्टिडियम ही दुसरी मॉसं, याच खडकांवरचे तोतये. त्यांच्या कुपीला झाकण असतं, ते गळून पडतं आणि तोंडाशी दातांची झालर दिसते. अँड्रियाच्या कुपीला झाकणही नाही आणि दातही नाहीत. ती सहसा चार उभ्या चिरांनी फाटते, पण शेंड्याशी जोडलेलीच राहते. कोरडी असताना चिरा फाकतात आणि मिलिमीटरभराचा कंदील तयार होतो. त्यावर श्वास सोडा, चिरा मिटायला लागतील. हा खेळ मी कितीदा केला असेल, कंटाळा येत नाही. कुपी नसेल तर पानाच्या टोकाशी पांढरा केस आहे का पाहा. तो दिसला तर अँड्रिया बाद. केस नाही म्हणून अँड्रियाच, असं मात्र नाही.

काळपट लिव्हरवर्टही (मॉसच्या नात्यातल्या छोट्या वनस्पती) फसवतात. त्यांची पानं दोन रांगांत लागतात आणि बहुधा टोकाशी दुभंगलेली असतात.

नोंदीत नुसतं ‘उंच डोंगर’ लिहू नका

उंचीपेक्षा दगड महत्त्वाचा. रुपेस्ट्रिसला ग्रॅनाइट, क्वार्ट्झाइटसारखे आम्लधर्मी खडक लागतात. चुनखडी त्याला चालत नाही. पण चुनखडीच्या मुलखातही हिमनदीनं आणून टाकलेला ग्रॅनाइटचा धोंडा असू शकतो, म्हणून नकाशावरचा खडक नको, पायाखालचा तपासा. सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब चुनखडीवर फसफसतो. तो मॉसपासून दूर, उघड्या दगडावर टाका.

पाणीही लिहा. स्कॉटलंडच्या केर्नगॉर्म्स डोंगरांमध्ये बर्फ उशिरापर्यंत टिकतो तिथे, वितळत्या पाण्यानं भिजलेल्या खडकांवर अँड्रिया निव्हालिस वाढतं. त्याची पानं लांब, वळलेली आणि मध्यशीर असलेली. ‘ओला खडक, बर्फाच्या कडेला’ एवढं पाकिटावर असेल, तर घरी सूक्ष्मदर्शकाखाली पहिला संशय योग्य जागी जातो.

नमुना चिमूटभरच घ्या. कुपी मिळाली नाही आणि पानही स्पष्ट दिसलं नाही, तर पाकिटावर ‘अँड्रिया, जात अनिश्चित’ लिहा आणि दगडाची जागा नोंदवून ठेवा.