हाताने काढलेलं लाइन आर्ट डिजिटल करताना मी काय शिकले

आमच्या आर्ट क्लासमध्ये डिजिटलची पहिली असाइनमेंट मिळाली तेव्हा मला वाटलेलं की मेहनत सगळी चित्र काढण्यात आहे, पुढे काय, स्कॅन करायचं आणि ट्रेसचं (म्हणजे सॉफ्टवेअरने चित्रातल्या रेघा ओळखून पुन्हा आखून द्यायचं) बटण दाबायचं. माझं चित्र एका पिसाचं होतं, पेनाने काढलेलं, अगदी बारीक रेघा, दोन संध्याकाळी बसून केलेलं. मोबाइलने फोटो काढला, इलस्ट्रेटर या ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरमध्ये टाकला, इमेज ट्रेस केलं आणि काही सेकंदात झालं म्हणून खुश झाले. मग सर मागे येऊन उभे राहिले आणि त्यांनी फक्त झूम केलं. रेघेची रेघ राहिलीच नव्हती, मधेच तुटलेली, कडा भिजलेल्या दोऱ्यासारख्या फुललेल्या, जिथे दोन रेघा जवळ होत्या तिथे काळा डाग, आणि एका कोपऱ्यात मोबाइलची सावली पडली होती तिथे तर आख्खा काळा पट्टा. सर एवढंच म्हणाले, "मूळ कागद आण, तिथून सुरू करू."

तेव्हापासून मी नवीन मुलांना हेच सांगते की सॉफ्टवेअर कुठलं हे नंतर बघा, आधी कागदाकडे बघा. खरखरीत कागदावर शाई पसरते आणि रेघेची कड दातेरी होते, डोळ्याला ते दिसत नाही पण स्कॅनरला दिसतं, म्हणून गुळगुळीत कागद घ्या. वॉटरप्रूफ शाईचं फाइनलायनर (बारीक टोकाचं पेन) घ्या, शाई पूर्ण वाळू द्या आणि मगच पेन्सिल खोडा, घाई केली की काळी रेघ राखाडी होते. कच्चं ड्रॉइंग फिकट निळ्या पेन्सिलने केलं तर अजून सोपं, कारण रंगीत स्कॅन करून नुसता ब्लू चॅनल (स्कॅनमधला फक्त निळ्या रंगाचा भाग) घेतला की ती निळी रेघ जवळपास गायब होते, खोडावं पण लागत नाही. आणि चित्र शेवटी जेवढं छापायचंय त्यापेक्षा थोडं मोठं काढा, दीडपट वगैरे, लहान केल्यावर हाताचा थरथराट झाकला जातो.

स्कॅनिंगचा हिशोब मला कोणी सुरुवातीला सांगितला असता तर खूप वेळ वाचला असता. ३०० डीपीआयला, म्हणजे एका इंचात ३०० पिक्सेल धरले तर, एक पिक्सेल साधारण ०.०८५ मिलिमीटरचा पडतो, म्हणजे ०.१ मिलिमीटरच्या रेघेला जेमतेम एक पिक्सेल मिळतो आणि एका पिक्सेलमध्ये रेघेची कड येणार कुठून! ६०० डीपीआयला त्याच रेघेला दोनाहून जास्त पिक्सेल मिळतात, ए४ कागद मग ४९६० बाय ७०१६ पिक्सेलचा होतो, फाइल जड होते पण होऊ दे. मोड ग्रेस्केल, म्हणजे राखाडी छटांचा, ठेवा (निळी पेन्सिल वापरली असेल तर कलर), ब्लॅक अँड व्हाइट मोड नको, तो कडेचे राखाडी पिक्सेल तिथेच फेकून देतो. सेव्ह टिफ किंवा पीएनजीमध्ये करा, जेपेगमध्ये रेघांभोवती धुळीसारखे ठिपके येतात आणि ट्रेस करताना ते सगळे रेघा समजून उचलले जातात. मूळ स्कॅनची एक कॉपी बाजूला ठेवा, तिला हात लावायचा नाही.

मग लेव्हल्स, म्हणजे चित्रातलं काळं किती काळं आणि पांढरं किती पांढरं हे ठरवायची सेटिंग. काळा स्लायडर थोडा आत, पांढरा थोडा आत, कागदाचा पिवळटपणा जाईपर्यंत, बस. मी सुरुवातीला दोन्ही टोकं एकदम जवळ आणायचे कारण चित्र झणझणीत काळं दिसायचं, पण तेव्हाच कडा पायऱ्यापायऱ्यांच्या होतात.

इथे एक निर्णय घ्यावा लागतो, पिक्सेलमध्येच ठेवायचं की व्हेक्टर (पिक्सेलऐवजी गणिताने आखलेले आकार, कितीही मोठे केले तरी कड साफ राहते) करायचं, आणि मला वाटतं सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो कारण सगळ्यांना वाटतं व्हेक्टर म्हणजे वरचा दर्जा. तसं नाहीये. कोरड्या ब्रशचा फटकारा किंवा पेन्सिलीचं शेडिंग असेल तर ते पिक्सेलमध्येच राहू द्या, लाइनची लेयर मल्टिप्लायवर टाका (म्हणजे पांढरं पारदर्शक होऊन फक्त रेघ दिसते) आणि खालच्या लेयरवर रंग भरा, क्रिता नावाच्या चित्रकलेच्या सॉफ्टवेअरमध्ये हे फुकट होतं. लोगो, स्टिकर, स्टेन्सिल, म्हणजे जे लहानमोठं करावं लागणार ते व्हेक्टरमध्ये. इंकस्केप हे व्हेक्टरचं सॉफ्टवेअर फुकट आहे आणि शिकायला पुरेसं आहे.

ट्रेसबद्दल एक गोष्ट नीट समजून घ्या. ट्रेस तुमची रेघ काढत नाही, तो रेघेच्या दोन्ही बाजूंची हद्द आखतो आणि मधे काळं भरतो, म्हणून नंतर रेघेची जाडी बदलायला गेलात तर जमत नाही. इंकस्केप १.० मध्ये, म्हणजे २०२० पासून, सेंटरलाइन ट्रेस (रेघेच्या मधोमध आखणारा) आहे, त्यात खरी रेघ मिळते पण पेन दाबून आणलेला जाड-बारीकपणा जातो. इलस्ट्रेटरमध्ये नॉइझ वाढवलं की छोटे ठिपके उडतात, ठिपक्यांनी शेडिंग केलेलं असेल तर ते पण उडतं, तेव्हा सांभाळून. आणि पांढरा रंग वगळायचा पर्याय चालू करा, नाहीतर पांढरे आकार लपून बसतात आणि मागे रंग टाकल्यावरच कळतं.

माझ्या पिसाचं शेवटी असं केलं की मधला दांडा आणि बाहेरची कड पेन टूलने (सॉफ्टवेअरमधलं, बिंदू टाकून रेघ काढायचं साधन) स्वतः काढली, आणि आतले केसांसारखे तंतू ट्रेसवर सोडले. पेन टूलने मला आधी रडवलं होतं. मग वर्गात बेझिए कर्व्हची, म्हणजे पेन टूल ज्या वळणांनी रेघ काढतं त्यांची, गोष्ट ऐकली, १९६०च्या दशकात रेनॉ कंपनीत पिएर बेझिए यांनी गाड्यांच्या बॉडीचे वळणदार आकार काढायला हे कर्व्ह वापरात आणले, आणि डोक्यात बसलं की वळण बिंदूंनी होत नाही, हँडलनी (बिंदूतून निघणाऱ्या, ओढून वळण बदलायच्या काड्यांनी) होतं. बिंदू फक्त तिथे टाकायचा जिथे वळण सगळ्यात वर, खाली, डावीकडे किंवा उजवीकडे पोचतं. आधी दांड्याला मी तीसेक बिंदू टाकले होते आणि तो गाठीगाठीचा दिसत होता, सहा बिंदूंत तोच दांडा सरसर आला.

रंग भरताना बकेटचा (बंद आकारात एका क्लिकने रंग ओतणाऱ्या टूलचा) रंग बाहेर सांडला तर समजा रेघेत कुठेतरी फट आहे. गिंप या फुकट सॉफ्टवेअरमध्ये २०१९च्या २.१०.१० आवृत्तीपासून लाइन आर्ट ओळखून भरायची सोय आहे, ती छोट्या फटी सांभाळून घेते. रेघ आणि रंगाच्या मधे पांढरी किनार राहत असेल तर सिलेक्शन दोन पिक्सेल वाढवून रेघेच्या खाली सरकवा.

छपाईला देताना लाइन फक्त काळ्या शाईत ठेवा. आरजीबीतला (स्क्रीनच्या रंगांतला) काळा सीएमवायके (छपाईच्या चार शाईंत) केला की तो चार शाईंचा होतो, आणि छपाईची प्लेट केसभर सरकली तरी बारीक रेघेला रंगीत सावली येते, माझ्या पहिल्या प्रिंटला आली होती. दुसऱ्यांदा मी आधी साध्या प्रिंटरवर खऱ्या मापात प्रिंट काढली आणि हातभर लांब धरून बघितली. पिसाच्या टोकाशी तंतू एकमेकांत मिसळून काळे झाले होते, स्क्रीनवर ते कधीच दिसलं नव्हतं. तिथले चार तंतू काढून टाकले आणि मग फाइल दिली.