पाण्यातला ऑक्सिजन बघायचाय? मग उजाडायच्या आत काठावर पोचा

भिगवणला, म्हणजे उजनी धरणाच्या फुगवट्यावर, आपण फ्लेमिंगोचे फोटो काढायला जातो ना, एकदा ऑक्सिजनचं टेस्ट किट पण घेऊन जा. मत्स्यशेतीचं सामान विकणाऱ्यांकडे मिळतं, थेंब टाकून रंग बघायचा प्रकार आहे.

वेळ महत्त्वाची. दुपारी तीनला मोजाल तर आकडा झकास येईल आणि तुम्ही फसाल, कारण पुण्याचं सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत आणि तिथून उजनीत येतं, त्यावर शेवाळ माजतं, ते दिवसा ऑक्सिजन सोडतं पण रात्रभर तेच ऑक्सिजन खात बसतं. सगळ्यात कमी आकडा सूर्य उगवायच्या जरा आधी. म्हणून होडीवाल्या काकांना आदल्या रात्रीच सांगून ठेवा.

बाटली पाण्याखालीच भरा, खालीच बूच लावा, आत एक बुडबुडा राहिला तरी सगळं वाया. मग पहिली दोन केमिकल्स टाकून बाटली उलटसुलट करा: तपकिरी साका बसला तर ऑक्सिजन आहे, पांढराच राहिला तर जवळपास संपलाय (हातमोजे घाला बरं, आणि ते पाणी परत धरणात ओतू नका). पुढचे थेंब मोजून लिटरला किती मिलिग्रॅम ते निघतं. 5 च्या वर असेल तर छान, 3 च्या खाली गेलं की रोहू-कटला वर येऊन तोंडं उघडझाप करायला लागतात, चिलापी (तिलापिया मासा) मात्र चिवट, ती टिकते. तापमानही लिहा, 20 अंशाला पाण्यात साधारण 9 मिलिग्रॅम मावतो, 30 ला साडेसातच, त्यामुळे एप्रिल-मे जास्त डेंजर.

आता पक्षी. मासे धापा टाकत वर आले की बगळे, चित्रबलाक यांची चंगळच, त्या दिवशी गर्दी बघून पाणी मस्त आहे असं समजू नका! पंधरा मिनिटं मोजा, दर आठवड्याला, त्याच जागी. मासेखाऊ कमी होत गेले आणि चिखलातल्या लाल अळ्या टिपणारे शेकाटेच उरले, तर मासे संपत आलेत का ते होडीवाल्या काकांना विचारा, जाळ्यात काय येतं ते त्यांना रोज दिसतं.

आणि मान टाकलेले, उडता न येणारे पक्षी दिसले तर हात लावू नका. ऑक्सिजन नसलेल्या चिखलात बॉट्युलिझमचे (विषाने पक्षी लुळे पाडणारा आजार) जंतू वाढतात, 2019 च्या नोव्हेंबरात राजस्थानात सांभर तलावावर हजारो पक्षी त्यानेच गेले. फोटो, जागा, वेळ नोंदवा आणि लगेच वनविभागाला कळवा.