सक्रिय स्थान शाबूत, तरी एन्झाइम गप्प का? साखळ्यांच्या जोड्या तपासताना या चुका टाळा

आनुवंशिक आजारातलं एखादं नवं उत्परिवर्तन (जनुकातला बदल) हाती आलं की बहुतेक जण आधी एकच गोष्ट बघतात: बदललेलं अमिनो आम्ल एन्झाइमच्या सक्रिय स्थानापासून, म्हणजे जिथे अभिक्रिया घडते त्या जागेपासून, किती लांब आहे. लांब असेल तर ‘बदल निरुपद्रवी दिसतो’ असा शेरा मारून फाइल बंद. माझ्या मते या विषयातली सगळ्यात महागात पडणारी चूक हीच आहे. अशा आजारांत बिघडणारी कितीतरी एन्झाइमं एकेकटी कामच करत नाहीत. अमिनो आम्लांची एक साखळी दुसऱ्या साखळीला बिलगते, कधी त्या जोड्याही एकमेकींना भिडतात, आणि तेव्हा कुठे एन्झाइम उभं राहतं. म्हणून साखळ्या जिथे एकमेकींना टेकतात ती जागाही सक्रिय स्थानाइतकीच बारकाईनं पाहायला हवी.

फिनाइलकीटोन्युरियाचं उदाहरण घ्या. या आजारात बिघडणाऱ्या फिनाइलअॅलनिन हायड्रॉक्सिलेजच्या एका साखळीत ४५२ अमिनो आम्लं असतात आणि तिचं वजन सुमारे ५२ किलोडाल्टन (रेणूंच्या वजनाचं एकक) भरतं. आधी दोन साखळ्यांची जोडी, मग दोन जोड्यांची चौकडी अशी त्याची बांधणी. साखळीच्या शेवटाला एक लांब हेलिक्स, म्हणजे मळसूत्रासारखा पिळलेला भाग, असतो. चारही साखळ्यांचे हे हेलिक्स एकत्र गुंफले जातात आणि चौकडी घट्ट धरून ठेवतात. ४०८व्या जागी आर्जिनिन जाऊन ट्रिप्टोफॅन येणं हा या आजारातला एक नावाजलेला आणि तीव्र बदल. तो सक्रिय स्थानातल्या लोहाजवळ नाही, साखळ्या जोडणाऱ्या भागाकडे जाणाऱ्या वळणावर आहे. तिथे बांधणी बिघडते, साखळी नीट घडी घालू शकत नाही आणि पेशी ती मोडीत काढते.

जेलवर एकच पट्टा दिसला, म्हणून एन्झाइम एकटं आहे असं समजू नका

ही चूक नवखे विद्यार्थी हमखास करतात. प्रथिनं वजनानुसार वेगळी करणाऱ्या एसडीएस जेलमध्ये नमुना घालण्याआधी आपणच तो डिटर्जंटमध्ये उकळतो. जोड्या तिथेच सुटतात. त्या जेलवर दिसतं ते सुट्या साखळीचं वजन. साखळ्या किती जणी मिळून राहतात हे कळायला नेटिव्ह जेल (डिटर्जंटविना चालवलेलं), जेल फिल्ट्रेशन (सच्छिद्र मण्यांच्या स्तंभातून नमुना गाळणं) किंवा प्रकाश विकिरणावर आधारलेलं मोजमाप लागतं.

जेल फिल्ट्रेशनवरही आंधळा विश्वास नको. स्तंभ वजन मोजत नाही, रेणूचा पसारा मोजतो. लांबुळकी एकटी साखळी गोलसर जोडीच्या आसपास बाहेर पडू शकते. दोन वेगळ्या पद्धतींनी एकच आकडा आला, तरच तो वहीत पक्का लिहावा.

टॅग काढण्याआधी आनंद करू नका

हे मी स्वतः भोगलं आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते. एका एन्झाइमची साखळी शुद्ध करायला सोपी जावी म्हणून आम्ही तिला जीएसटी नावाच्या प्रथिनाचा टॅग, म्हणजे पकडायला सोयीचा जोडतुकडा, लावला होता. जेल फिल्ट्रेशनच्या स्तंभातून प्रथिनाचं शिखर नेमकं जोडीच्या जागी आलं, सुबक, एकसारखं. त्याच्या जोरावर पुढच्या प्रयोगांची आखणीही केली. नंतर टॅग कापून तोच नमुना पुन्हा चालवला, तर शिखर सरळ उजवीकडे सरकलं, सुट्या साखळीच्या जागी. जोडी आमच्या एन्झाइमची नव्हतीच. जीएसटी हे प्रथिनच मुळात जोडीनं राहतं. त्यानं आमच्या साखळ्यांना हात धरून जवळ आणलं होतं. तेव्हापासून टॅग कापलेला नमुना शेजारी चालवल्याशिवाय मी जोडीबद्दल एक ओळही लिहीत नाही.

स्फटिकातून मिळालेल्या रचनांनाही थोडं असंच लागू होतं. स्फटिकात प्रत्येक रेणू कुणाला ना कुणाला टेकलेला असतोच. ती प्रत्येक टेक म्हणजे पेशीतली खरी जोडी नव्हे. उलटही घडतं: फाइल उघडल्यावर एकच साखळी दिसते, कारण बाकीच्या साखळ्या स्फटिकाच्या सममितीतून उभ्या कराव्या लागतात. उत्परिवर्तनाची जागा शोधताना जैविक जुळणीची फाइल उघडा, नुसत्या असममित एककाची (सममिती लावण्याआधीच्या मूळ तुकड्याची) नको.

बफर बदलला की गणितही बदलतं

जी-सिक्स-पीडी (ग्लुकोज-सिक्स-फॉस्फेट डिहायड्रोजनेज) या एन्झाइमची कमतरता जगात ४० कोटींहून अधिक लोकांमध्ये आहे. त्याची साखळी ५१५ अमिनो आम्लांची, सुमारे ५९ किलोडाल्टनची. सुटी साखळी निष्क्रिय. जोडी आणि चौकडी सक्रिय. प्रत्येक साखळीत एनएडीपी या मदतनीस रेणूचा एक रेणू अभिक्रियेत भाग घेतो, आणि दुसरा निव्वळ बांधणीला आधार देत जोडीच्या सांध्याजवळ बसलेला असतो. सतत रक्त कमी राहणाऱ्या तीव्र प्रकारातले बरेच बदल याच परिसरात सापडतात.

आता चूक कुठे होते ते बघा. नमुना शुद्ध करायचा म्हणून कुणीतरी रात्रभर डायलिसिस लावतं (लहान रेणू पडद्यातून निघून जातात), बफरमध्ये, म्हणजे पीएच स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात, एनएडीपी घालायचं राहून जातं, आणि सकाळी निरोगी एन्झाइमही निपचित पडलेलं असतं. दोष जनुकाला दिला जातो, खरं तर सांध्यातली पाचर आपणच उपसलेली असते. शिवाय क्षार आणि पीएच वाढले की तोल जोडीकडे झुकतो, पीएच उतरला की चौकडीकडे. त्यामुळे निरोगी आणि बदललेलं एन्झाइम एकाच बफरमध्ये, एकाच तापमानाला, एकाच तीव्रतेला (द्रावणातल्या एन्झाइमच्या प्रमाणाला) मोजा. फार विरळ द्रावणात सैल जोड्या सुटतात, म्हणून निदान तीन-चार तीव्रतांवर मोजमाप घ्या. प्रति मिलिग्रॅम सक्रियता विरळ करताना घसरत गेली, तर संशय आधी सांध्यावर घ्या.

जोडी जमली म्हणजे एन्झाइम ठीक, असंही नाही

टे-सॅक्स या मज्जासंस्थेच्या आनुवंशिक आजारात हेक्सोसॅमिनिडेज ए हे एन्झाइम बिघडतं. ते अल्फा आणि बीटा अशा दोन वेगळ्या साखळ्यांचं. दोन बीटा मिळून हेक्सोसॅमिनिडेज बी होतं. बीटाच बिघडली तर दोन्ही एन्झाइमं जातात. तो सँडहॉफ आजार. एकूण सक्रियता मोजून टे-सॅक्स नाही असं ठरवू नये, कारण बी शाबूत असतं आणि आकडा फुगवतं. उष्णता देऊन ए निकामी करायचं आणि फरक काढायचा ही जुनी, उपयोगी युक्ती आहे. पण बी-वन नावाच्या प्रकारात तीही फसते. तिथे अल्फा साखळीत १७८व्या जागी आर्जिनिनऐवजी हिस्टिडिन येतं. अल्फा बीटाशी व्यवस्थित जोडी जमवते, जोडी उष्णतेलाही अपेक्षेप्रमाणे वागते, आणि चाचणीतला साधा कृत्रिम सब्स्ट्रेट (एन्झाइम ज्यावर काम करतं तो पदार्थ) बीटाच फोडते. अहवाल ‘सामान्य’ येतो, मूल मात्र आजारी. अशा वेळी अल्फालाच फोडता येणारा सल्फेटयुक्त सब्स्ट्रेट वापरावा लागतो.

‘निम्म्या साखळ्या चांगल्या, म्हणजे निम्मं काम’

हे गणित सुट्या साखळीला चालतं. जोडीत चांगल्या आणि बिघडलेल्या साखळ्या सारख्या प्रमाणात मिसळल्या, तर निव्वळ चांगल्या जोड्या चारात एक. चौकडीत सोळात एक. एका वाईट साखळीनं सगळी बांधणी निकामी होत असेल, तर एकच बिघडलेली प्रत आजाराला पुरते. हायपोफॉस्फेटेसिया या हाडांच्या आजारात अल्कलाइन फॉस्फेटेज या एन्झाइमचे काही बदल असंच वागतात, म्हणून तो आजार काही घरांत प्रभावी तर काही घरांत अप्रभावी रीतीनं उतरतो. पण यासाठी वाईट साखळी टिकून जोडीत शिरायला हवी. ती आधीच मोडीत निघाली, तर उरलेल्या चांगल्या साखळ्या आपापसांत जोड्या करतात आणि वाहक बहुधा निरोगी राहतो.

दोन वाईट साखळ्या एकमेकींना सावरतात हेही पाहण्यासारखं. आर्जिनिनोसक्सिनेट लायेज हे एन्झाइम चार साखळ्यांचं, आणि त्याचं प्रत्येक सक्रिय स्थान तीन साखळ्यांच्या तुकड्यांनी बनतं. ८७व्या आणि २८६व्या जागचे दोन वेगळे बदल मिश्र चौकडीत एकत्र आले, तर दोन्ही दोष काही सक्रिय स्थानांत गोळा होतात आणि एखादं स्थान पूर्ण निर्दोष राहतं. दोन्ही बदल वेगवेगळे तपासून त्यांची सरासरी काढली, तर ही सक्रियता कधीच दिसणार नाही. दोन्ही साखळ्या एकाच पेशीत बनवून पाहा. शुद्ध करून नंतर मिसळल्या तर त्या अदलाबदल करतीलच असं नाही.

आणि हेच मिश्रणाचं गणित जी-सिक्स-पीडीला लावू नका. त्याचं जनुक एक्स गुणसूत्रावर आहे. वाहक स्त्रीच्या प्रत्येक पेशीत दोनपैकी एकच एक्स बोलतो, त्यामुळे चांगली आणि वाईट साखळी एका पेशीत भेटतच नाहीत. मिश्र जोडी होण्याचा प्रश्नच येत नाही. तिच्या रक्तात काही पेशी पूर्ण सशक्त आणि काही पूर्ण दुबळ्या असतात. नळीतला सरासरी आकडा बरा आला, तरी दुबळ्या पेशी औषधानं फुटू शकतात. तिथे एकेक लाल पेशी रंगवून पाहणारी चाचणी मागवा.