हवा नेमकी कुठून जातेय?
एअर ब्रेकच्या ट्रक-बसमध्ये सकाळी हवेच्या गेजचा काटा खाली दिसला की लगेच कॉम्प्रेसरला, म्हणजे हवा भरणाऱ्या पंपाला, दोष देऊ नका. गाडी सपाटीवर घ्या, चाकांना ठोकळे लावा, हवेची टाकी पूर्ण भरून इंजिन बंद करा आणि हँडब्रेक सोडा. आता कान द्या. फुसफुस फक्त पेडल दाबल्यावर येत असेल, तर बहुतेक वेळा ब्रेक चेंबरचा (चाकाजवळचा हवेचा डबा) डायफ्राम, म्हणजे आतला रबरी पडदा, किंवा त्याकडे जाणारा होजपाइप गेलेला असतो. त्यासाठी एकाला पेडल दाबून बसवा आणि जोडांवर साबणाचं पाणी ब्रशने लावा. बारीक गळती कानाला चुकते, फेसाला नाही. नट जरा आवळून बघा, पण चिरलेल्या पाइपला टेप गुंडाळणं म्हणजे घाटात जिवाशी खेळ. स्प्रिंग ब्रेकचा (हवा गेली की स्प्रिंगच्या जोराने लागणारा ब्रेक) चेंबर मात्र रस्त्यावर खोलू नका, आतली स्प्रिंग जीवघेण्या जोराने उसळते.